पांदणीचा विमा

त्या जमिनीत गवत आणि दगड यांशिवाय काही नव्हतं. आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाबाहेर, उतारावरचा एक रिकामा तुकडा, दोन बाजूंना काटेरी झुडपं आणि पलीकडे दुसऱ्याच्या मेंढ्या. पण २०२०मध्ये आम्हाला ती जमीन हवी म्हणजे हवीच होती. आम्ही राहत होतो ते घर मालकाला विकायचं होतं. निर्बंध आहेत तोवर राहा, मग बघू, असं तो म्हणाला होता, आणि त्या 'मग बघू'वर आमचे दिवस चालले होते. भाड्याचं दुसरं घर मिळत नव्हतं. नवरा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यामुळे गाव सोडायचा प्रश्नच नव्हता. घर बांधायचं तर त्याच तुकड्यावर, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

घरात आम्ही तिघं. मी बेडरूममध्ये कपाटाला टेकवलेल्या टेबलावर डब्लिनच्या एका कंपनीचं काम करायचे. नवरा वॉर्डातून आला की कोणाशी न बोलता सरळ बाथरूममध्ये जायचा. तिसरे माझे सासरे. अमरावतीकडचे, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी आले आणि नंतर विमानंच बंद झाली. स्वयंपाकघरात एका वेळी दोन माणसं मावत नसत, तिसऱ्याने दारात उभं राहून बोलायचं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. मला कधी कधी नुसत्या भिंती बघूनसुद्धा ओरडावंसं वाटे, आणि मी नवऱ्यावर ओरडत असे, कारण भिंतीवर ओरडले असते तर सासऱ्यांना मी वेडी वाटले असते.

जमीन त्या पाच किलोमीटरांच्या आत होती. सासरे रोज तिथे चालत जायचे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एक अरुंद, मधोमध गवत उगवलेली वाट होती. तिला ते 'पांदण' म्हणायचे. त्यांच्याकडे दोन शेतांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला पांदण म्हणतात. मी पुण्याची, मला हा शब्द माहीत नव्हता, पण आमच्या घरात तो लगेच रुळला. सगळं घोडं अडलं होतं ते त्या पांदणीतच.

झालं असं होतं की जमीन विकणाऱ्या बाईंची जमीन त्यांच्या नावावर स्वच्छ होती. पण जमिनीपर्यंत जाणारी पांदण दुसऱ्याच्या नावावर निघाली. तो म्हातारा तिथेच, पांदणीच्या तोंडाशी राहत होता. बाईंचं कुटुंब वर्षानुवर्षं तिथून ये-जा करत आलेलं, पण तसा कागद कुठेच नव्हता. आमच्या वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की वाटेच्या हक्काचा कागद नसेल तर बँक कर्ज देणार नाही. नाहीतर टायटल इन्शुरन्स काढा, म्हणजे बँक ऐकेल.

मी भडकले. विमा घराचा काढावा, गाडीचा काढावा. रिकाम्या जमिनीला काय आग लागते, की ती कोणी उचलून नेतं? वकीलबाई शांत होत्या. हा विमा मातीचा नसतो, मालकीच्या कागदांचा असतो, असं त्यांनी समजावलं. उद्या कोणी उभं राहून म्हणालं की ही वाट माझी, इथून जायचं नाही, तर होणारं नुकसान कंपनी सोसते. म्हणजे कागद धड नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, आणि ते धड करण्याऐवजी त्यांच्यावर विमा काढायचा, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, साधारण तसंच.

मग आमच्या घरात काढायचा की नाही यावर रोज जेवताना खडाजंगी सुरू झाली. नवरा म्हणे, काढून मोकळे होऊ. मी म्हणे, म्हातारा एवढा दारात उभा असतो, त्यालाच जाऊन का विचारत नाही कोणी? नवरा म्हणे, वकील सांगते तसं करावं. आम्ही अर्धं मराठीत आणि अर्धं इंग्रजीत भांडायचो. सासरे खाली मान घालून भाकरी मोडत असायचे. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या बांधावर साखळी टाकली होती आणि बांधावरची डोकेफोड पाहिली होती. आमच्या भांडणातून त्यांनी एवढंच उचललं की पांदणीच्या मालकाची परवानगी राहिली आहे.

शेवटी मी हार मानली. दिवाळी झाली की वकीलबाईंना 'काढा' म्हणून कळवायचं ठरलं.

पाडव्याच्या दिवशी दुपारी सासरे फिरून आले ते एकदम खुशीत. बूट काढायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. सकाळी त्यांनी चिवडा आणि शंकरपाळे डब्यात भरून घेतले होते. म्हाताऱ्याच्या फाटकाशी उभं राहून, मास्क लावून, डबा भिंतीवर ठेवून त्यांनी आपल्या इंग्रजीत सगळं सांगितलं होतं. आम्ही मागची जमीन घेतो आहोत, तुमच्या वाटेने येऊ-जाऊ, तुमची काही हरकत नाही ना.

"विचारून आलो न मी त्याले," ते म्हणाले. "तुम्ही काहून उगीच भांडून राहिले? जमीन घ्याच्या आधी शेजाऱ्याले विचारा लागते. तो म्हणे, यू आर ग्रँड. दोनदा म्हणे."

नवऱ्याने त्यांना मिठीच मारली. मलाही इतकं हलकं वाटलं की मी चहात मुद्दाम जास्त आलं टाकलं. इतकी वर्षं आयर्लंडमध्ये राहून मला ग्रँड कळत नव्हता असं नाही. इथे तब्येत विचारली तर ग्रँड, चहा नको असेल तरी ग्रँड, कोणी पायावर पाय दिला तरी यू आर ग्रँड. राहू दे, असू दे, ठीक आहे, चालेल, नको, यातलं काहीही. पण त्या दिवशी आम्ही तिघांनी त्याचा अर्थ 'खुशाल या' असाच घेतला.

ठरल्याप्रमाणे आम्ही वकीलबाईंना 'काढा' म्हणून कळवलंच होतं; दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. विमा कंपनीचे काही प्रश्न आहेत, म्हणाल्या. जमिनीवर बांधकाम सुरू झालं आहे का, कोणाचा वाद कानावर आहे का, असं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं की तुमच्यापैकी कोणी त्या पांदणीच्या मालकाशी बोललं तर नाही ना. मी अगदी अभिमानाने सांगितलं, हो, बोललो ना. माझे सासरे दिवाळीचा फराळ घेऊन गेले होते आणि तो स्वतः ग्रँड म्हणाला.

मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं."

त्यांनी हळूहळू उलगडून सांगितलं. मालकाला काही कळलेलं नाही, तो आपणहून उठून भांडायला येणार नाही, या भरवशावरच कंपनी असा विमा देते. एकदा त्याला कोणी जाऊन विचारलं की त्याला आपल्या हक्काची आठवण करून दिल्यासारखं होतं, आणि मग तो विमा मिळत नाही. आता कळल्यावर मला कंपनीपासून हे लपवता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. मला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना. आपल्याकडे न विचारता दुसऱ्याच्या वाटेवर पाय ठेवणं म्हणजे उर्मटपणा, आणि इथे विचारलं हीच चूक ठरली होती.

आता एकच मार्ग होता, म्हाताऱ्याची सही. वकीलबाईंनी त्याला रीतसर कळवलं. काही आठवड्यांनी मी आणि नवरा त्याच्या फाटकाशी गेलो. माणूस चांगला होता. आमचा डबा त्याने घासूनपुसून ठेवला होता आणि त्यात घरचा ब्राउन ब्रेड भरून दिला. चाला, गाडी आणा, कोण अडवतंय तुम्हाला, असं म्हणाला. पण सही नको. आपल्यामागे हे सगळं बहिणीच्या मुलाला जायचं आहे, त्याच्या गळ्यात काही अडकवायचं नाही. नवऱ्याने पुन्हा पुन्हा विनवून पाहिलं. म्हातारा हात हलवून म्हणाला, "आह नो, यू आर ग्रँड." तेव्हा त्या शब्दातला 'नको' मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

परतताना नवरा म्हणाला, "बाबांना कळू द्यायचं नाही." मी हो म्हटलं. त्यांना कळलं असतं तर ते कुठे गेले असते? परतीचं विमान नाही, गावात ओळखीचं कोणी नाही, रुसून शेजारी जाऊन बसावं तर तेही बंद. त्या एवढ्याशा घरात, आमच्या डोळ्यांसमोर, ते स्वतःला खात बसले असते आणि मला ते बघवलं नसतं.

मग दुसरी कोंडी सुरू झाली. रोज सकाळी फिरायला निघताना सासरे विचारायचे, "रजिस्ट्री कधी आहे?" आम्ही म्हणायचो, कोविडमुळे सगळं अडकलंय. ते मान डोलवायचे आणि पांदणीकडे निघायचे. संध्याकाळी सांगायचे, तुळस इथे लावा, न्हाणीघर त्या अंगाला ठेवा, पाण्याचा उतार तिकडे आहे. आम्ही कान देऊन ऐकायचो. नवरा तर कागदावर रेघा मारून दाखवायचा. मी कपाटापाशी बसून मीटिंगमध्ये हो-हो करायचे आणि आतून गुदमरायचे. बँकेने नाही म्हटलं, बाईंनी जमीन दुसऱ्याला देऊन टाकली, तरी आमच्या जेवणाच्या टेबलावर ते घर बांधणं चालूच होतं.

२०२१च्या जुलैत, इथल्या उन्हाळ्यात, निर्बंध सैल झाले. घरमालकाने आठवणीने फोन केला आणि आमच्या फाटकाशी विक्रीचा बोर्ड लागला. सासऱ्यांना तिकीट मिळालं, फ्रँकफर्टमार्गे. नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून डब्लिनपर्यंत मीच गाडी चालवत गेले. वाटेत ते फारसे बोलले नाहीत. विमानतळाच्या दारात, आत फक्त प्रवाशांना सोडत होते तिथे, त्यांनी बॅग खाली ठेवली.

"मी नसतो गेलो न त्याच्याकडे," ते म्हणाले, "तर झालं असतं न तुमचं घर?"

ते पुढे म्हणाले, "मार्चमध्येच सांगतलं त्यानं मले. भला माणूस आहे. सॉरी म्हणत होता."

म्हणजे मार्चपासून जुलैपर्यंत हा माणूस रोज सकाळी बूट घालताना रजिस्ट्री कधी म्हणून विचारत होता, ते केवळ आपल्याला कळलं आहे हे आम्हाला कळू नये म्हणून. आणि मी दर वेळी तेच खोटं सांगत होते. मराठीत काय म्हणावं ते सापडेना, राहू द्या म्हणावं तर कोरडं वाटेल, काही नाही झालं म्हणावं तर ते खोटं. तोंडातून इथलंच निघालं.

"यू आर ग्रँड, बाबा."

मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. हसले की काय झालं, मला सांगता येणार नाही. बॅग उचलत त्यांनी विचारलं, "आता याचा अर्थ मी कोणता धरू, बेटा?"

मागच्या लोकांची रांग पुढे सरकली आणि त्यांना आत जावं लागलं.