हिसका गाडीचा की हाताचा

वडिलांची मोटारसायकल हिसके देते, ही तक्रार पहिल्यांदा आईने केली. तिच्या मते गाडी ठीक होती, चालवणाऱ्याचा हात राहिला नव्हता. भूमहून परंड्याला मावशीकडे जायचं तर ती नेहमी वडिलांच्या मागे बसून जायची. दिवाळीनंतर तिने एसटी धरली. कारण विचारलं तर म्हणाली, "मागं बसलं की मान हालतीय नंदीबैलावानी."

बहिणीने फोनवर निर्णयच सांगितला. वडिलांची सत्तरी उलटली आहे, हाताला कंप आला असणार, क्लच नीट सुटत नसणार. या खेपेला घरी गेलास की गाडीची किल्ली काढून घे. वडिलांचं शेत लांब आहे आणि त्या वाटेला एसटी जात नाही. किल्ली गेली की शेत सुटणार आणि त्यांचा दिवस ओसरीवर जाणार, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. सांगायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

शनिवारी सकाळी पोहोचलो तेव्हा वडील अंगणात गाडी पुसत होते. चेन साफ करू या का, असं मी विचारलं. त्या निमित्ताने बोलायला वेळ मिळेल, एवढाच हेतू होता.

"कर की," ते म्हणाले. "तेल मात्र मी येळच्या येळी घालतो, ते आधीच सांगतो."

"घरात रॉकेल आहे का?"

"रॉकेल मिळायचं कवाच बंद झालं. तुमच्या पेपरात आलं न्हाय का?"

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधून बाटलीभर डिझेल आणलं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, चेनचं कव्हर खोललं आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चेन एका ठिकाणी ताणली जायची, पुढे सैल पडायची. दातेरी चाकावरून सुटलेल्या काही कड्या सरळ होत नव्हत्या, वाकलेल्याच पुढे जात होत्या. गंज दिसत नव्हता. कड्यांवर तांबूस, चिकट थर होता. नखाने खरवडला तर वार्निशसारखा निघाला. त्याला खवट तळणाचा वास होता.

"आण्णा, तेल कुठलं घालता?"

"करडईचं. घाण्यावरचं. भेसळ न्हाय, काय न्हाय. दुकानातलं ते काळं तेल कुणाच्या इंजिनातलं काढलेलं असतंय, कुणाला ठावं."

ओसरीवर आई गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे माझी बुधली ह्यांनी रिकामी केली व्हय. मी आपली म्हणतीय, दोघांच्या भाजीला एवढं तेल लागतंय कसं."

"चेनला चमचाभर लागतंय," वडील म्हणाले.

"बुधलीच्या तोटीला ते तेल वाळून कसं बसतंय, कधी बघितलंय का? राखेनं घासलं तरी निघत न्हाय. बघाल कशाला, घासायला कोण, मी."

वडिलांनी फडकं उचललं आणि पुन्हा टाकी पुसायला घेतली.

करडईचं तेल उघड्यावर राहिलं की वाळून घट्ट होतं. चेन कोरडी वाटली की वडील त्याच थरावर नवं तेल सोडत होते, वरून शेतवाटेची धूळ बसत होती. कड्या त्यात आखडल्या होत्या. अशी चेन हळू चालताना हिसका देणार, हे उघड होतं. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नव्हता. चेन आखडलेली असेल आणि हातही थरथरत असेल, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत होतं.

चेनचं लॉक काढलं आणि चेन जुन्या पातेल्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवली. जेवणं झाल्यावर ब्रशने घासली. थर मऊ पडला होता. एकेक कडी वाकवून मोकळी केली, धोतराच्या फडक्याने कोरडी केली, चेन परत चढवली. लॉक तेवढं राहिलं. ही नखाएवढी पट्टी असते. तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवायचं आणि पक्कडीने दोन पिनांच्या खाचांत सरकवायची. माझ्या हातून ती मातीत पडली. शोधून पुसली, पुन्हा पडली.

"सरक," वडील म्हणाले.

ते पाटावर बसले. चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन दिशा पाहिली. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. डाव्या चिमटीत पट्टी, उजव्या हातात पक्कड. दोन्ही हात स्थिर होते. टक् असा आवाज झाला.

"बसलं. काय बघायलास?"

"काय न्हाय."

बाजारातून आणलेलं गिअर ऑइल चाक फिरवत कड्यांच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडलं, जास्तीचं पुसून घेतलं. मग वडिलांना गाडी चालवायला सांगून मी मागे बसलो. पेठेत गर्दी होती. स्पीडब्रेकरवर त्यांनी वेग आधीच कमी केला. पुढे शेळ्या आडव्या आल्या, गाडी जागेवर थांबली, त्या गेल्यावर निघाली. माझी मान हलली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरलेली सीटमागची दांडी मी कधी सोडली, ते कळलं नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"घेतलीस का किल्ली?"

"नाही. चेन आखडली होती."

"फक्त चेन?"

"फक्त चेन. मी मागे बसून पाहिलं."

पलीकडे तिने एक मोठा श्वास सोडला.

"आईला पटलं का पण?"

"आई आत्ताच त्यांच्या मागं बसून शेताकडं गेली," मी म्हणालो.