ग्रीसवालीचे गोळे

बाटलीचं बूच दाताने काढायचं, बाटली पातेल्यावर तिरकी धरायची आणि तिच्या बुडावर बोटाने टकटक करायची. हे सगळं करताना पातेल्याकडे बघायचं नाही. तोंड दाराकडे आणि गप्पा अंगणातल्या बाईशी. मावशींचा मसाला असा पडायचा. किती पडला हे त्यांनी कधी पाहिलं नाही, आणि तो कधी चुकलाही नाही. कोणी म्हणालं, मावशी, तिखट जरा बेतानं घाला, तर उत्तर ठरलेलं होतं.

"अळणीच खायचं, तर देवाने जीभ कशाला दिली गो?"

कधी चुकला नाही असं मी म्हटलं खरं, पण एकदा चुकला. तेच सांगायला बसले आहे.

वसईबाहेरच्या माणसांसाठी सांगते. इथल्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, नाना जिन्नस एकेक करून भाजायचे, सगळं एकत्र कुटायचं आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचं, अशी रीत आहे. त्याला बाटली मसालाच म्हणतात. मावशी तो मासळीत घालत, मटणात घालत, दुधीच्या भाजीत घालत. चहात घालत नसत, एवढं मी स्वतः पाहिलं आहे.

वसई पश्चिमेला त्यांच्या वाडीत मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी मूळची सांगलीकडची, इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि अंडंसुद्धा खात नाही. पहिल्याच दिवशी मावशी झाकलेली ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, मी शाकाहारी आहे."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहायचं तेवढं बाकी ठेवलं. "कधीपासून?" त्यांनी काळजीने विचारलं. जन्मापासून, मी म्हटलं. "असू दे, होशील बरी," म्हणाल्या आणि ताटली घेऊन परत गेल्या. मला माणसं चटकन आवडत नाहीत. ही बाई आवडली.

अंगणात त्यांच्या टर्क्या होत्या. नाताळासाठी पाळलेल्या, अंगाने थोराड आणि स्वभावाने भांडखोर. मावशी माझ्याशी मराठीत बोलत, नवऱ्याशी गावच्या बोलीत, आणि टर्क्यांशी इंग्रजीत. "कम, कम. नो फायटिंग. यू गो बॅक." मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "अगो, फॉरेनचा पक्षी तो. आपलं त्याला काय कळणार?"

काका, म्हणजे त्यांचे यजमान, बोटीवर होते. इंजिनखोलीत राबून निवृत्त झालेले, अबोल माणूस. बोटीवरच्या साऱ्या वर्षांतली एकच गोष्ट ते सांगत. ग्रीसच्या कुठल्याशा बंदरात एक म्हातारी खिम्याचे गोळे भाजून द्यायची आणि त्यांच्यावर गार दही घालायची. काकडी घातलेलं, घट्ट दही. "काय ते गोळे," एवढं म्हणून काका थांबत. वर्णन तिथेच संपे. आणि मावशींचं तोंड तिथून फुगायला लागे.

"मग तिच्याकडेच राहायचं होतं. इथे कशाला आलास माझं तिखट खायला?"

ते गोळे त्यांनी कधी करून पाहिले नाहीत. सगळं येत होतं त्यांना, डुकराचं विंदालू काय, ताडी घालून फुगवलेले वडे काय. पण ग्रीसवालीचे गोळे, नाव काढू नका. सवतीच्या हातचं कोण रांधतं? तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी बाई. नवऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी दुसरीच्या हातची आमटी वाखाणली म्हणून आमटीच सोडलेली.

मग काकांच्या घशात गाठ निघाली.

विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला आणि तोंड आतून सोललं. पेज घेतली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. गरम नको, तिखट नको, आंबट नको, तळलेलं नको. मावशी सकाळपासून काही ना काही मऊ करत आणि काका हाताने बाजूला सारत. माणूस दिसेनासा होत चालला होता. डॉक्टरांनी मावशींना बाहेर बोलावून सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि अंगात ताकदच नसेल तर शेकही मध्येच थांबवावा लागेल. शेक थांबला तर पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मावशींनी विचारलंही नाही.

घरी येऊन त्या माझ्या पायरीवर बसल्या. अंगणातल्या टर्क्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाल्या, "बाय, तुला दही घट्ट करता येतं ना? तुम्ही श्रीखंडाला करता तसं?"

येतं, मी म्हटलं.

"मग ये संध्याकाळी. त्या सटवीचे गोळे करायचे आहेत."

त्या संध्याकाळी मावशी काकांच्या खाटेपाशी स्टूल घेऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या म्हातारीची चौकशी केली. काय घालायची ती? काकांचा आवाज बसलेला होता. एकेक शब्द काढून ते बोलत होते. शिळा पाव. दुधात भिजवलेला. कांदा बारीक. पुदिना. तळायची नाही, भट्टीत भाजायची. "आणि मसाला?" मावशींनी विचारलं. काकांनी मान हलवली. नाही. "काहीच नाही?" नाही. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती ग्रीसवाली मुलांना उपाशी ठेवत असावी.

मटण काकांना चाववत नव्हतं, म्हणून टर्की घ्यायची ठरली. टर्कीचा खिमा मऊ, तेलकट नाही. पण नाताळाची टर्की, आणि दिवस होते उपवासकाळाचे, ईस्टरच्या आधीचे. त्यातून शुक्रवार. शुक्रवारी त्यांच्या घरी मांस शिजत नसे. मावशी चर्चमध्ये जाऊन फादरना विचारून आल्या. आजाऱ्याला माफ असतं, फादर म्हणाले. मावशी अंगणात गेल्या, एक टर्की बगलेत धरली आणि तिला म्हणाल्या, "सॉरी हां." पुढचं मी पाहिलं नाही. मी आत दही बांधत होते.

नाताळचा केक झाला की वर्षभर माळ्यावर जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन खाली उतरला. पाव दुधात भिजला, खिम्यात कालवला, कांदा पडला, अंगणातला पुदिना पडला. मावशी गोळे वळत होत्या तेवढ्यात दारात दूधवाला आला. त्या त्याच्याशी बोलायला लागल्या, उद्या अर्धा लिटर जास्त दे म्हणून. मी काकडी किसून पिळत होते, माझं लक्ष नव्हतं. गोळे भाजले, गार केले, वर दही घातलं. लसूण वगळली होती, लिंबू वगळलं होतं, झोंबेल म्हणून. काका उशीला टेकून बसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

एक घास गेला आणि त्यांचा चेहरा पिळवटला. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड दाबून धरलं.

मावशींनी ताटलीतला गोळा चाखला. मग ओट्याकडे पाहिलं. बाटलीचं बूच उघडं होतं. दूधवाल्याशी बोलता बोलता हाताने आपलं काम करून टाकलं होतं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. मावशी पण रडल्या नाहीत. सकाळी त्या माझ्या दारात आल्या, हातात ती बाटली.

"ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

"मग कधी देऊ?"

"तो मागेल तेव्हा," मावशी म्हणाल्या. "त्याने तिखट मागितलं की मी येईन घ्यायला. तोवर घरात मसाला नाही. मलापण नाही."

मावशी आणि अळणी! मला हसू आलं, पण बाटली मी ठेवून घेतली.

त्याच दिवशी दुपारी गोळे पुन्हा केले. ह्या वेळी मी दहीबिही सोडून त्यांच्या हाताकडेच डोळे लावून बसले. खरं सांगते, खिमा कालवून झाल्यावर तो हात फळीकडे गेलाच. बाटली नव्हती. बोटं हवेतच दोनदा टकटक करून परत आली. मावशींनी ते पाहिलं, मीही पाहिलं. मग त्या गोळे वळायला लागल्या.

काका तोंड उघडायला तयार नव्हते. मावशींनी आधी स्वतः खाल्ला, त्यांच्या समोर, पूर्ण गोळा. तोंड वाकडं झालं त्यांचं, अळणीपणाने. ते वाकडं तोंड बघून काकांना थोडं हसू आलं असावं, कारण त्यांनी ओठ विलग केले. मावशींनी दह्यात बुडवलेला इवलासा तुकडा आत सरकवला. दही गार होतं. काकांनी तो तुकडा बराच वेळ जिभेवर ठेवला, मग गिळला. मग पुन्हा तोंड उघडलं. एक गोळा संपला. दुसरा अर्धा झाला तेव्हा ते काहीतरी पुटपुटले.

"काय?" मावशी पुढे वाकल्या.

"मीठ कमी."

मावशी माझ्याकडे वळल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "नावं ठेवली, ऐकलंस? नावं ठेवली गो त्याने." मग नाक पुसून त्यांनी लगेच विचारलं, "तिच्यासारखे झाले?"

काकांनी विचार केला. "तिचे जरा कडक होते."

"मग जा तिच्याकडे," मावशी म्हणाल्या आणि पुढचा घास भरवला.

त्यानंतर शेक संपेपर्यंत त्या घरात गोळेच चालले. टर्क्या एकेक करून कमी झाल्या, प्रत्येकीला रीतसर सॉरी म्हटलं गेलं. मी शाळेतून आले की दही बांधायचं आणि काकडी पिळायची, हे माझं काम. काकांचं वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, आता नळीची गरज नाही. मावशींनी ते वाक्य वाडीतल्या केळींनासुद्धा सांगितलं असेल.

दरम्यान आमचा बोळिंजचा फ्लॅट ताब्यात आला. सामान बांधताना मी बाटली मावशींपुढे धरली. त्या मागे सरकल्या, जणू मी विंचू दाखवला. "घेऊन जा तिकडेच. इथे ठेवलीस तर माझा हात शोधून काढेल."

अशी ती बिअरची बाटली आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात देवघराशेजारच्या फळीवर येऊन बसली. सामान चढवायला मदत करणाऱ्या वॉचमनने ती उचलली, लेबल पाहिलं आणि मग मला पाहिलं. नव्या घरी राहायला आलेल्या सासूबाई तर दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होत्या. मी सांगितलं, मसाला आहे. सांगून कोणाला पटतं?

शेक संपला, तोंड आतून बरं झालं, पण काकांची चवच गेली होती. सगळं कागदासारखं लागतं म्हणायचे. काहींची चव परत येते, काहींची येत नाही, डॉक्टर म्हणाले. समोर ठेवलेलं औषध घ्यावं तसं ते जेवत. मावशींचा मला फोन यायचा. बोलणं ठरलेलं.

"बाटली आहे ना?"

"आहे, मावशी."

"असू दे."

बस्स. काका कसे आहेत हे मी विचारत नसे, कारण त्या 'असू दे'मध्ये सगळं आलेलं असायचं. फोन ठेवला की मी बाटली पुसून पुन्हा जागेवर ठेवी. पावसाळा गेला, नाताळ गेला. त्या नाताळात अंगणात एकच टर्की उरली होती, म्हातारी. तिच्याशी बोलायचं इंग्रजीसुद्धा मावशींचं कमी झालं होतं. मला वाटायला लागलं, ही बाटली बहुतेक इथेच राहणार. असं वाटल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःला फटकारलंही.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मावशी. चर्चच्या मिस्साला नेसायची चांगली साडी, केसात अबोली, धापा टाकत. लिफ्टला थांबल्याच नव्हत्या, जिन्याने आल्या होत्या.

"बाटली दे."

मी तिथेच दार धरून उभी राहिले. "मागितलं?"

मावशी शू-रॅकवर बसल्या, दम घेतला. "काल रात्रीचं ताट वाढलं. तेच, तिचे गोळे, तुझ्या पद्धतीचं दही. एक घास खाल्लान आणि चमचा ठेवलान खाली. मला वाटलं झालं, पुन्हा बंद पडलं. तर म्हणतो कसा, किती दिवस त्या म्हातारीचं रांधणार? तुझ्या हाताला काय झालंय? आपला मसाला संपला का?" त्यांनी स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे धरला. "तुझ्या हाताला म्हणाला गो. एवढी वर्षं तिचं कौतुक केलंन, आणि काल म्हणाला, तुझ्या हाताला."

मी फळीवरून बाटली आणून दिली. त्यांनी दाताने बूच काढलं, आत नाक घातलं आणि सणसणीत शिंकल्या. सासूबाई आतून "शतायुषी भव" म्हणाल्या. चहा टाकते म्हटलं तर मावशींनी ऐकलंच नाही. बोंबील साफ करून ठेवले आहेत, तो वाट बघत बसलाय, एवढं म्हणून त्या उठल्याही. पिशवी देऊ का, मी विचारलं. कशाला, म्हणाल्या.

मी गॅलरीत गेले. खाली मावशी इमारतीतून बाहेर पडत होत्या. मिस्साची साडी, अबोली, आणि हातात उघडपणे धरलेली बिअरची बाटली. रविवार सकाळ, लोक भाजी घेऊन येत होते, वळून बघत होते. गेटवरचा आमचा वॉचमन तर खुर्चीतून उठलाच.

मावशी त्याच्यापाशी थांबल्या, बाटली वर धरली आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मसाला आहे, दादा. आमच्या माणसाने मागितलाय."