पेट्रोल कोण पीत होतं

सत्तरच्या दशकात मी माधवनगरच्या एका कापडगिरणीत यंत्रांच्या देखभालीचा अधिकारी होतो. माझ्याकडे एक जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी होती. ती मला चालवता येत होती, तरी मी ड्रायव्हर ठेवला होता. माझ्या बरोबरीच्या चौघांकडे ड्रायव्हर होते, आणि मागच्या सीटवर पेपर वाचत येणारा माणूस फाटकावरच्या पहारेकऱ्याला मोठा वाटतो. याहून थोर कारण नव्हतं.

ड्रायव्हर पाटणच्या पुढचा, कोयनेच्या बाजूचा. फौजेत पंधरा वर्षं ट्रक चालवून आलेला. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करत असे. तो मला सायेब म्हणे.

पेट्रोल एकदम महागलं ते त्याच सुमाराला, आणि माझी गाडी पूर्वीपेक्षा जास्त पिते आहे हे माझ्या ध्यानात आलं. साताऱ्याला आईकडे जाऊन यायला भरलेली टाकी पूर्वी सहज पुरायची. आता परतताना कराडलाच पंपावर थांबावं लागे.

संध्याकाळी क्वार्टर्सच्या व्हरांड्यात आम्ही पाच अधिकारी बसत असू. तिथे हा विषय निघाला आणि विद्वत्तेला पूर आला. एकाने टायरमधल्या हवेला दोष दिला, दुसऱ्याने कराडचा पंप भेसळीचा ठरवला. तिसऱ्याने उभ्या आयुष्यात बॉनेट उघडलं नव्हतं. तो कार्बोरेटर हा शब्द दर वेळी वेगळ्या तऱ्हेने उच्चारायचा आणि आम्ही माना डोलवायचो. शेवटी सगळे एकाच ठिकाणी येत.

"अहो, ड्रायव्हर पेट्रोल काढतोय. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

"फौजी ना? मग तर नळी तोंडात धरूनच जन्मला असेल."

सगळे हसले. मीही हसलो. ड्रायव्हर पायऱ्यांखाली गाडी पुसत होता.

या माणसांची मला आज किळस येते. पण त्यांच्यात यंत्रांचं शिक्षण घेतलेला मी एकटा होतो, त्यामुळे किळसेचा मोठा वाटा माझाच आहे.

सांगलीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली. ब्रेक घासत नव्हते. कार्बोरेटर काढला, धुतला, तार होती तशी परत जोडली. मग प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो काजळीने माखला होता.

"पेट्रोल जास्त जातंय सायेब, आन जळत न्हाई. काजळी बगा की."

काजळी म्हणजे पेट्रोल इंजिनात जात होतं. नळीने कुणाच्या डब्यात गेलं असतं तर प्लग स्वच्छ राहिला असता. शाळेतल्या पोरालाही हे समजलं असतं. मी मात्र रुमालाला हात पुसले आणि घरी येऊन टाकीच्या झाकणाला सील लावलं. पार्सलांना लावायची लाख होती, तिच्यावर माझ्या अंगठीचा ठसा.

सकाळी ड्रायव्हरने ते पाहिलं.

"सायेब, टाकीला सील लावलंय जनू."

"हो."

"बरं केलं," तो म्हणाला आणि दार उघडून उभा राहिला.

आठवडाभर सील शाबूत राहिलं आणि पेट्रोल तितकंच गेलं. इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण व्हरांड्यातला एक जण म्हणाला, "खालून पाइप सोडत असेल हो. फार हुशार असतात." मला ते पटलं. खरं तर पटवून घ्यायला मी टपलेलोच होतो. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून येताना कराडला मी चहाला उतरलो आणि टपरीच्या आडोशाने गाडीकडे डोकावून बघू लागलो. गाडीला टेकून विडी ओढता ओढता तो थेट माझ्याकडेच बघत होता.

माधवनगरला पोचल्यावर त्याने दोन्ही हातांनी चाव्या पुढे केल्या.

"ह्या घ्या. मी नसताना ती किती पिती, तेबी बगा एकदा."

मी चाव्या घेतल्या. थांब म्हणालो नाही. व्हरांड्यात सांगितलं, "पकडला जाणार हे कळलं, पळाला."

नंतर मी स्वतः गाडी चालवू लागलो. ती तितकीच पीत राहिली. व्हरांड्यात कुणी विचारलं तर मी सांगे, पुष्कळ फरक पडला.

त्या वर्षी खंडेनवमीला नेहमीसारखा साताऱ्याला गेलो. या दिवशी आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, वाहनं पुजतात. आई दाराशी पाटावर बसून सांगे आणि मी गाडीला हळद-कुंकू लावून फुलं वाहत असे. मग ती लाल दोरा देई. तो मी डॅशबोर्डवरच्या चोकच्या बटणामागे गुंडाळत असे, कारण दोरा अडकवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. कार्बोरेटरला तारेने जोडलेलं हे बटण थंड इंजिन सुरू करताना बाहेर ओढायचं आणि गाडी चालू झाली की आत ढकलायचं. ते बाहेर राहिलं तर इंजिनाला हवा कमी पडते आणि पेट्रोल जास्त जातं. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

त्या दिवशी दोरा गुंडाळायला जागाच उरली नव्हती. आधीच्या चार वर्षांचे दोरे एकावर एक बसून बटणामागे अंगठ्याएवढं जाड वेटोळं झालं होतं. मी कात्री मागितली आणि सगळं कापून काढलं. बटणावर बोट ठेवलं. टक करून ते अर्धा इंच आत गेलं.

गाडी सुरू केली. इतका हलका आवाज मी बरीच वर्षं ऐकला नव्हता.

"जुना कापला, चालेल ना?" मी आईला विचारलं.

"कापायचाच असतो रे. जुना काढून कृष्णेत सोडायचा. तू काय साठवत होतास?"

मी गाडीत बसून राहिलो, कारण मला दोन गोष्टी आठवल्या होत्या. वर्षभरापूर्वी ड्रायव्हर म्हणाला होता, "सायेब, चोक पुरता बसंना. दोरा जरा सैल करू का?" मी म्हणालो होतो, "आईचा दोरा आहे. हात लावायचा नाही." ड्रायव्हरने मला माझ्या गाडीतलं सांगावं हे खपलं नव्हतं. तो फौजी माणूस, एकदा हुकूम मिळाल्यावर पुन्हा विचारत नसे. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. व्हरांड्यात मी देवधर्माची टिंगल करणारा म्हणून प्रसिद्ध होतो. एकदा गाडीत बसताना एकाने तो दोरा पाहून भुवई उंचावली, तेव्हा मी म्हणालो, "याचे उद्योग. या लोकांना सांगून कळत नाही." तो पुढे स्टिअरिंगवर होता. त्याने मान वळवली नाही.

साताऱ्याहून तसाच त्याच्या गावी गेलो. भाताच्या खाचराच्या बांधावर तो मला भेटला. कापलेले दोरे मी रुमालातून काढून दाखवले.

"मी सांगितलं न्हवतं व्हय?" तो म्हणाला.

"सांगितलं होतंत. चूक माझी आहे. परत या." मी त्याला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होतो.

त्याने हात धुतले. "सांगलीत तीन ठिकानी गेलो. नाव सांगितलं की पेट्रोलचोर म्हनून लोक हसत्यात. म्हनून यीन, पर त्या व्हरांड्यातल्या सायेबांम्होरं सांगा. दोरा कुनाचा, ते."

"सांगतो."

ठरल्याप्रमाणे रविवारी संध्याकाळी तो इस्त्रीचा खाकी सदरा घालून आला आणि पायऱ्यांखाली उभा राहिला. माझ्या खिशात रुमाल होता, रुमालात दोरे. चौघे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला.

"गाडीचा दोष सापडला," मी म्हणालो. "कार्बोरेटरचा जेट खराब होता. बदलला. यांना परत घेतोय."

"झालं गेलं विसरलात म्हणायचं," एक जण म्हणाला.

"मन मोठं आहे तुमचं," दुसरा म्हणाला. "मी तर पोलिसात दिला असता."

मी तेही ऐकून घेतलं. मोठ्या मनाच्या माणसासारखा खाली बघत बसलो.

मी अजून काही बोलेन असं खाली उभ्या ड्रायव्हरला वाटलं असावं. मग म्हणाला, "सायेब, दोऱ्याचं ऱ्हायलं."

"कसला दोरा?" एकाने मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पूजेचं काहीतरी असेल याचं."

त्याने टाचा जुळवून सलाम केला. तो मला नसावा, सवयीचा असावा. मग तो फाटकातून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. आतून चहा आला. कुणीतरी पहिला कप माझ्या हातात दिला आणि मी तो प्यालो.