पूजेला मांडलेल्या चार कुप्या

जालन्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. रोपाच्या पानातून डीएनए काढायचा, मशिनमध्ये त्याच्या नकला करायच्या आणि पट्टे बघायचे. आई-बाप दोघांचे पट्टे दिसले तर बी खरं संकरित. एकट्या आईचाच दिसला तर शेतात गडबड झाली म्हणायची.

नकला करायला माल लागतो. ए, टी, जी, सी अशा चार इवल्या कुप्या, त्यांना आम्ही डीएनटीपी म्हणतो. डीएनएच्या विटाच त्या. विटा न्हाईत तर गवंडी कितीही हुशार असो, काय बांधणार डोंबल! त्यांना कायम फ्रीजरमध्ये, उणे वीसवर ठेवावं लागतं.

यंदा दसऱ्यानंतर राजूरकडच्या एका मावशींचं भेंडीचं बियाणं आलं. संध्याकाळी कळ्या चिमट्यानं सोलायच्या, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं हातानं केलेलं. गेल्या साली त्यांचं बी नापास झालं आणि बियाणं पिकवून घेणाऱ्या कंपनीनं ते जाळून टाकलं. यंदाही नापास झालं तर पुढं बियाण्याचा प्लॉट मिळणार न्हाई, असं त्यांना बजावलं होतं. म्हणून निकालाच्या दिवशी त्या स्वतःच येऊन बाकावर बसल्या.

निकाल कोरा. एकही पट्टा न्हाई. आमचे साहेब लगेच म्हणाले, नमुना खराब आहे, नापास लिहा. पण सोबत आमचा खात्रीचा, हमखास पट्टे देणारा नमुना लावायचा नियम यंदापासून आला होता आणि तोही बिलकुल कोरा होता. मी विचारलं, मंग आपल्यालाही नापास लिहू का? साहेबांना माझं बोलणं आवडत न्हाई, तेव्हाही आवडलं न्हाई.

फ्रीजर उघडला तर डीएनटीपीच्या पेटीवर हळदीकुंकू. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, तसे आमच्या लोकांनी थेंब मोजायचे पिपेट पुजले आणि सगळ्यात मोलाची म्हणून ही पेटीही मांडली. पुजलेली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नसते. दिवा विझू नये म्हणून पंखाही बंद. म्हणजे झेंडूच्या ढिगात पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत उकडत बसली आणि माल वाया गेला. मी दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, तशी तेव्हाही गेल्ते. विचारलं तर मदतनीस बाई सहज म्हणाल्या, दर साली मांडतो की. मला हसू आलं आणि संतापही आला.

नवीन पेटी बर्फात घालून हैदराबादहून मागवली. मावशींना परत बोलावलं. या वेळी जवळजवळ प्रत्येक रोपाचे दोन्ही पट्टे बराबर उमटले. पास झाल्याचं मीच बाकाशी जाऊन सांगितलं आणि आधी कोरं का आलं तेही सांगितलं, पूजेसकट. वाटलं, मावशी हसतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"ताई, मागच्या साली बी दसरा झाल्यावरच तपासलं व्हतं. तवा बी कोरंच आल्तं म्हणले."

मी दारात उभ्या साहेबांकडं बघितलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

"मंग ते बी चांगलं व्हतं का?" मावशींनी विचारलं.

असेल, मी म्हणाले. आता ते तपासता येणार नव्हतं.