तांदळाचा रांजण

दर वर्षी वसंतात आम्ही मोय मंडळी टेकडीवरच्या दफनभूमीत जातो. गवत उपटतो, थडगी धुतो, उकडलेली कोंबडी आणि संत्री मांडतो, तीन-तीनदा वाकतो आणि मग तीच कोंबडी घरी आणून खातो. शेवटच्या रांगेतलं एक थडगं माझ्या वाटणीचं आहे. त्यावर मोय जिन-फू असं नाव कोरलंय. या नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. त्या दगडाखाली जो आहे त्याला मी जन्मभर काका म्हणत आले, आणि तो आमचा कोणीही नव्हता.

माझे आजोबा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले, म्हणून त्यांच्या मुलांना इथे येता येत होतं. बाकी चिन्यांना बंदी. आयरिश या, इटालियन या, जर्मन या, फक्त चिनी नको, असा खास आमच्यासाठी केलेला कायदा होता. मग आमचे लोकही कायद्याला कायद्यासारखेच भेटले. आजोबा चीनमधल्या गावी जाऊन आले की बंदरावरच्या साहेबाला सांगत, मुलगा झाला. एकदा तो खरंच झाला होता, ते माझे बाबा. दुसऱ्यांदा नुसता कागदावर झाला. ती कागदावरची जागा शेजारच्या गावातल्या क्वान कुटुंबानं आपल्या मुलासाठी घेतली. मुलगा तेरा वर्षांचा, नाव टाक-मिंग. घरी आ-मिंग म्हणत. अशांना आमच्यात कागदी पोरगा म्हणतात. आमच्या गल्लीत निम्मे लोक कागदी होते. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

आ-मिंगला एक वही दिली होती. त्या वहीत आमचं घर होतं. दारापुढे पायऱ्या किती, विहिरीपर्यंत पावलं किती, तिसऱ्या घरात कोण राहतं, कुत्रा कुठे झोपतो, तांदळाचा रांजण कुठे आहे. कारण बंदरासमोरच्या बेटावर चिन्यांना कोंडून ठेवत आणि साहेब लोक हेच विचारत. मुलाला विचारत, मग बापाला आणि भावाला वेगवेगळं बसवून विचारत. उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. माझी स्वतःची आई तिच्या माहेरच्या पायऱ्या सांगू शकली नसती, पण साहेबाला पायऱ्या हव्या होत्या. आ-मिंगनं वही घोकली आणि किनारा दिसायच्या आधी समुद्रात टाकली. इतर पोरं तीन आठवड्यांत सुटली. त्याला अकरा आठवडे ठेवलं. का, ते त्यानं कधीच सांगितलं नाही. सुटला तेव्हा तो मोय जिन-फू होता, माझ्या बाबांचा धाकटा भाऊ.

मी त्यांना पाहिलं ते लाँड्रीत. पन्नास वर्षं त्यांनी गोऱ्यांचे शर्ट धुतले आणि इस्त्री केले. गिऱ्हाइकं त्यांना चार्ली म्हणत. आमच्या भागातल्या प्रत्येक लाँड्रीवाल्याचं नाव चार्लीच असे, विचारायची कोणाला गरज वाटली नाही. एकदा मी शाळेतून आले तर एक बाई कॉलरवरच्या डागासाठी त्यांना तोंडाला येईल ते बोलत होती. तुम्ही लोक उंदीर खाता ते खाता, वर आमचे कपडेही नासवता. काका मान खाली घालून ऐकत राहिले. ती गेल्यावर मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, ती चार्लीला बोलली. तू कशाला रडतेस?"

तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. करणार कोणाशी? गावाहून बायको आणायची बंदी, गोरीशी लग्न करायची बंदी, आणि गल्लीत वीस पुरुषांमागे एक मुलगी. कायदे सैल झाले तोवर वय गेलं होतं. लाँड्रीच्या मागे खोली होती. तिथे एक खाट, एक शेगडी आणि भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. सणाला ते आमच्याकडे येत, आणि नव्या वर्षाच्या जेवणाला हमखास.

त्या जेवणात एक खेळ असे. मासा संपला की बाबा जेवायच्या काडीनं वाडगं वाजवत आणि विचारत, दारापुढे पायऱ्या किती? काका म्हणत, तीन. विहिरीपर्यंत? बेचाळीस पावलं. तिसऱ्या घरात कोण? आंधळी मोय म्हातारी. तांदळाचा रांजण? खिडकीखाली. कित्येक वर्षं ऐकून आम्हा पोरांनाही उत्तरं पाठ झाली होती. काकांच्या आधी आम्हीच ओरडायचो आणि ते खोटं खोटं रागवायचे. साहेब पुन्हा कधीही दार ठोठावेल म्हणून ही उजळणी चालली होती, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. या दोघांनी ते पंचवीस वर्षं जेवणाच्या टेबलावर रेटलं.

मी सहा वर्षांची असताना सरकारनं सांगितलं होतं की ज्यांनी खोट्या नावानं प्रवेश केला त्यांनी कबुली द्यावी, आपलं खरं नाव परत घ्यावं. काकांना ते हवं होतं. क्वान मंडळींच्या सभागृहासमोरून जाताना ते पलीकडच्या फुटपाथवरून जात आणि आत बघत, हे मी स्वतः पाहिलंय. नव्या वर्षाला मात्र त्यांना मोयांच्या सभागृहात मोयांच्या पूर्वजांपुढे उदबत्ती लावावी लागे. पण एकानं कबुली दिली की त्याचा कागदी बाप आणि कागदी भाऊ आपोआप सापडतात. बाबा लाँड्रीत गेले आणि त्यांना म्हणाले, मला चार मुलं आहेत. एवढंच म्हणाले. काकांनी मान डोलवली आणि पुढचा शर्ट घेतला. हे बाबांनीच मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या चार मुलांतली एक मी होते, त्यामुळे मलाही त्यावर बोलायचा हक्क नाही.

मग एकोणीसशे एक्क्याऐंशी साली चीनचं टपाल पुन्हा नीट येऊ लागलं. काका चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी त्यांच्या गावच्या पत्त्यावर पत्र टाकलं आणि पाच महिन्यांनी उत्तर आलं. त्यांची धाकटी बहीण सौ-लान जिवंत होती. काका पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आले. ते कधीच ऑफिसात येत नसत. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, पण स्वतःच तोंडपाठ बोलून दाखवू लागले.

बहिणीनं सावधपणे लिहिलं होतं. अमेरिकेत भाऊ आहे म्हणून तिला वाईट दिवसांत चौकात उभं करून मारलं होतं. एकदा तिला अडकवायला भावाच्या नावानं खोटं पत्रही आलं होतं. म्हणून ती म्हणत होती, राग मानू नका. आपलं घर आता पाडलंय, त्यामुळे ते कसं होतं हे फक्त आपल्या दोघांनाच माहीत आहे. दारापुढे किती पायऱ्या होत्या आणि आईचा तांदळाचा रांजण कुठे असायचा, एवढं लिहा. मग मी तुम्हाला भाऊ म्हणेन.

"मला आ-मिंग म्हणणारं आता जगात दुसरं कोणी नाही," काका म्हणाले. त्यांनी माझ्याच टेबलावर बसून उत्तर लिहिलं, एकदाही न थांबता. लिहिताना हसत होते. मी ते वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र कशाला वाचायचं, असं वाटलं. वाचलं असतं तर त्याच क्षणी हात धरला असता.

उत्तर लवकर आलं. पाच ओळींचं होतं. तुम्ही सांगितलेलं घर आमचं नाही. माझा भाऊ तेराव्या वर्षी समुद्रापार गेला आणि त्यानंतर त्याचं काय झालं कळलं नाही. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. तुमचं भलं होवो. पुन्हा लिहू नका.

काकांनी स्वतःच्या पत्राची नक्कल ठेवली होती. जपून ठेवायची म्हणून. ती घेऊन ते आमच्या घरी आले आणि बाबांपुढे ठेवली. बाबांना एव्हाना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचली. दारापुढे तीन पायऱ्या. मधली फुटलेली. आईचा रांजण खिडकीखाली, त्यावर लाकडी झाकण.



"जिन-फू," बाबा म्हणाले, "हे माझं घर आहे."

"नाही," काका म्हणाले. "दादा, हे माझं आहे. तुमचं मला वहीतून माहीत आहे. हे मला आठवतंय. मी खिडकीखाली बसून तांदूळ चोरून खायचो."

"ते मी खायचो. मीच ते सांगितलं होतं, वहीत घालायला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तीन पायऱ्या, बेचाळीस पावलं, खिडकीखाली, हे मीही लहानपणी ओरडत होते. ते उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मग हळूहळू बोलले. बेटावर असताना त्यांनी ठरवून आपलं घर विसरायला घेतलं होतं. झोपताना एकेक भिंत पाडायची. आज स्वयंपाकघर, उद्या ओसरी. कारण साहेबासमोर आपलं घर तोंडात येत होतं. "मला वाटलं, सुटलो की परत बांधता येईल," ते म्हणाले. "तेरा वर्षांचा होतो मी."

मला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना. ज्याला त्या कायद्यानं काही त्रास झाला नाही असा एकेक माणूस मला रस्त्यात दिसत होता. एवढं खरं की हातावर हात ठेवून बसवेना. बेटावरच्या जबान्या सरकारी दप्तरात जपून ठेवल्यात असं ऐकलं होतं. अर्ज केला, कार्यालयात खेटे घातले, आणि चार महिन्यांनी मोय जिन-फू याच्या जबानीची प्रत हातात पडली. सत्तेचाळीस पानं. तेरा वर्षांच्या पोराला विचारलेले प्रश्न, टाइप केलेले.

एकतिसाव्या पानावर मला ते सापडलं. तांदळाचा रांजण कुठे असतो? चुलीच्या डावीकडे. तुझा भाऊ म्हणतो खिडकीखाली. मुलगा उत्तर देत नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणतो, खिडकीखाली, मी चुकलो. आणि समासात साहेबाच्या हातचा शेरा: हा मुलगा खोटं बोलत असावा, पुढील चौकशीपर्यंत सोडू नये.

अकरा आठवड्यांचं कारण ते होतं. सबंध सत्तेचाळीस पानांत तो पोरगा एकदाच खरं बोलला होता, आणि शेरा नेमका तिथेच पडला होता.

मी तशीच लाँड्रीत पळाले. काका इस्त्री करत होते. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं, भाषांतर करून सांगितलं, म्हटलं, काका, सापडला तुमचा रांजण, आत्ताच्या आत्ता बहिणीला लिहा, मी पोस्टात टाकते. त्यांनी इस्त्री उभी केली. ओळीवर बोट ठेवून ती पाहिली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिले.

"चुलीच्या डावीकडे," ते म्हणाले. डोळे मिटले. मी वाट पाहिली. बाहेर कोणीतरी चार्ली, चार्ली म्हणून हाक मारत होतं.

"काही दिसतंय का काका?"

"खिडकी दिसते," ते म्हणाले.

मग त्यांनी पानाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"तिला लिहू नकोस. तिनं मला आठवतं का म्हणून विचारलंय. हे तर पुन्हा वहीतलं झालं." आणि मला जरा बाजूला सारून ते गिऱ्हाइकाचा शर्ट द्यायला काउंटरवर गेले.