चव ज्याची त्याने लावायची

सॉसच्या कारखान्यात त्याला सगळे जिभल्या म्हणत. बावीस वर्षं त्याचं काम एकच: शिजलेल्या मालाचा चमचाभर घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि पास की नापास ते सांगायचं. त्याने पास म्हटल्याशिवाय एक बाटली भरली जात नसे. माणूस कसला, चालताबोलता शिक्काच होता तो.

आणि त्या शिक्क्याची शाई काही महिन्यांपूर्वीच वाळली होती. एक साधा ताप आला, चार दिवसांत उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. तिखट तेवढं झोंबायचं, बाकी सगळं तोंडात ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. हा वाट बघत राहिला आणि कुणाला काही बोलला नाही. बोलून करणार काय? दुसरं कुठलं काम येत होतं त्याला? हाताखालची मुलगी आधी चाखायची, हा तिच्या तोंडाकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. असं बेमालूम चाललं होतं.

एका दिवशी ती मुलगी रजेवर होती. माल आदल्या पाळीत शिजतानाच तळाला लागलेला, करपट. याने रंग बघितला, घोट घेतला, थुंकला आणि पास म्हणाला. दोन हजार बाटल्या परत आल्या. चौकशी बसली. जिभल्याने पास केला म्हणजे तोवर माल चांगला होता, नंतर गरम टाकीत ठेवल्यावर करपला, असं साहेबांनी ठरवलं. म्हणजे दोष कुणाचा? टाकीवर उभ्या असलेल्या भट्टीवाल्याचा. भट्टीवाला याचा जिवलग मित्र. आधी तो नाही नाही म्हणाला. मग सगळे एकच विचारायला लागल्यावर त्याचाच स्वतःवरचा भरवसा उडाला, आणि माझा डोळा लागला असेल असं त्याने लिहून दिलं. नोकरी गेली. जिभल्या त्या खोलीत होता, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

पाच आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, कारखान्यातल्या स्टोअरकीपरने या दोघा मित्रांना ओढून बाहेर काढलं. त्याला एक थाई खाणावळ सापडली होती. टायरच्या दुकानाला चिकटून, सहा टेबलं, पाटीसुद्धा धड नाही. "दिसायला भिकार आहे, पण एकदा खाऊन बघा," तो म्हणाला. भट्टीवाल्याने दाढी केली नव्हती. तो कशालाही हो म्हणत होता.

मालकीणबाई थायलंडची. तीच रांधायची, तीच वाढायची. तिने नूडल्सच्या सुपाचे तीन वाडगे ठेवले आणि मधोमध चार बरण्या: साखर, लाल तिखट, मिरच्या घातलेला शिरका, आणि माशाचं तपकिरी खारं पाणी. "आमच्याकडे चव ज्याची त्याने लावायची," ती म्हणाली. "घाला, चाखा, पुन्हा घाला."

"आम्ही कशाला हात लावतोय?" स्टोअरकीपर म्हणाला. "आपल्याकडे जिभल्या आहे. बाबा रे, तिघांचं तूच लाव."

जिभल्या आता मागे हटणार कसा? त्याने चारही बरण्यांतून अंदाजाने घातलं. तपकिरी पाणी शिरक्यासारखं पातळ दिसलं, म्हणून ते सढळ हाताने घातलं. घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, "जमलं."

स्टोअरकीपरने एक चमचा तोंडात घातला आणि तो रुमालात थुंकला. "चेष्टा करतोस होय रे?" तो हसत म्हणाला.

भट्टीवाला हसला नाही. त्याने एक चमचा घेतला, गिळला आणि जिभल्यासमोरचा वाडगा पुढे सरकवला. "अजून घे."

जिभल्याने घेतलं.

"काय जास्त झालंय?"

जिभल्याने स्टोअरकीपरच्या तोंडाकडे बघितलं. "तिखट," तो म्हणाला.

"मीठ आहे नुसतं," भट्टीवाला म्हणाला. "कधीपासून?"

"पाच महिने."

भट्टीवाल्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "मी रोज आठवून बघतो रे. डोळा कधी लागला, किती वाजता लागला. काही केल्या आठवत नाही. वाटायचं, डोक्यात काही बिघाड झालाय."

"उद्या साहेबांना सांगतो," जिभल्या म्हणाला.

"साहेबांना उद्या सांग. ऊठ, आधी माझ्या घरी चल."

दार भट्टीवाल्याच्या बायकोने उघडलं. या भाऊजी, बसा, म्हणाली. जिभल्या बसला नाही. उंबऱ्यातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं: ताप, चव, करपलेला माल, आपण मूग गिळून बसलो ते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. नवऱ्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

"पाच आठवडे मी या माणसाला उठता बसता टोचून बोलतेय," ती म्हणाली. "झोपाळू म्हणतेय, पोरांसमोर. आणि तुम्ही दर रविवारी इथे पाटावर बसून माझ्या हातचं जेवलात, भाऊजी. वर म्हणालात, वहिनी, चव काय सुरेख झालीय."