कस्तुराबाईंचं एकोणिसावं प्रकरण

कस्तुराबाई जगदाळे यांची तिसरी कादंबरी 'परांड्याची वाट' १९३४ च्या दसऱ्याला बाहेर आली. मी तेव्हा त्यांच्याच शाळेत शिकवत होते आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांच्याच बिऱ्हाडात एका खोलीत राहत होते. त्यामुळे त्या पुस्तकावरून जे काही झालं, ते मी जवळून पाहिलं.

बाई मूळच्या करमाळ्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. चौथीपर्यंत शाळा झाली आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या त्याच भागात सासरी आल्या. त्या गावात वाचता येणारी दुसरी बाई नव्हती. जर्मनच्या लढाईत गावातले नऊ जण फौजेत गेले होते. त्यांची बसऱ्याहून आलेली पत्रं बायका कस्तुराबाईंकडे घेऊन येत आणि उत्तरंही त्यांच्याचकडून लिहून घेत. वाईट बातमी एकदम वाचायची नाही, आधी हवापाण्याचं वाचायचं, ऐकणारीला जरा टेकू द्यायचं, हे त्यांना तिथेच कळलं. 'गोष्ट सांगायला मी त्या पत्रांवर शिकले,' असं त्या म्हणत.

अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचे यजमान रावजी गेले. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. सासरे महिपती जगदाळे स्वतः अंगठेबहाद्दर, पण त्यांनी सुनेला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं. भाऊबंद तोंडावर हसले, तरी त्यांनी ऐकलं नाही. तिथून बाई मास्तरीण होऊन सोलापुरात आल्या, त्या कायमच्याच.

त्यांचा लिहायचा नेम पक्का होता. गिरणीचा पहिला भोंगा झाला की उठायचं आणि शाळेची वेळ होईपर्यंत लिहायचं. किल्ले, घोडदळ, भुयारं आणि कुणाचं तरी कुणावर जडलेलं मन, असा सगळा मसाला त्यांच्या पुस्तकांत असे. पहिल्या कादंबरीत नायिकेनं विष घेतलं. दुसरी मार्शल लॉच्या साली, म्हणजे १९३० ला निघाली, तिच्यात नायिकेनं विहीर जवळ केली. दोन्ही पुस्तकं वाचून पेठेतल्या बायका ओक्साबोक्शी रडल्या आणि बाईंचं नाव झालं.

तिसऱ्या पुस्तकातली सगुणा एका किल्लेदाराची विधवा. तिचा एका जासुदावर जीव जडतो. अठराव्या प्रकरणात किल्ला पडतो. एकोणिसाव्यात ती जासुदाबरोबर घोडीवरून करमाळ्याहून परांड्याला जाते आणि त्याच्याशी पाट लावून संसार थाटते.

छापखान्याचे मालक शिवलिंगप्पा त्या प्रकरणाची मुद्रितं हातात घेऊन स्वतः घरी आले.

"बाई, हिला बुरुजावरनं उडी मारायला लावा की," ते म्हणाले. "मागच्या दोघींनी जीव दिला, तसा हिनं पण देऊ दे."

"दोघींना मारून झालं, अप्पा. हिला मी जगवणार."

"जगवा. पण लग्न कशाला? लोक पुस्तक सोडून तुमच्याकडं बोट दाखवतील. बाईंच्या मनातलं बाईंनी लिहिलं म्हणतील."

"म्हणू देत. मनातलं नाही तर काय बाजारातलं लिहू?"

शिवलिंगप्पांनी मुद्रितांची घडी केली. "छापतो," ते म्हणाले. "फक्त मुद्रक म्हणून माझं नाव जरा बारीक टाइपात घालतो."

बाई हसल्या आणि त्यांना चहा दिला. या माणसाला त्या चांगल्या ओळखून होत्या. एकदा हो म्हटल्यावर तो एक अक्षर इकडचं तिकडे करणार नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयानं पुस्तकाच्या कौतुकाचा समारंभ ठेवला. ज्वारीची पेर उरकून महिपतीबाबाही करमाळ्याहून आले. उंच, वाळलेला म्हातारा, डोक्याला तांबडा पटका. आल्या आल्या त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं की सुलटं ते मला विचारून घेतलं, आणि वजन केल्यासारखं हलवून परत ठेवलं. बाईंना धास्तावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं ते त्या दिवशी. लोकांचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण रावजींच्या वडिलांना एकोणिसावं प्रकरण कसं लागेल, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

समारंभाचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी अर्धा तास स्तुती केली आणि मग घसा साफ केला. "शेवटचं प्रकरण मात्र सरदार घराण्यांच्या कुलशीलाला शोभणारं नाही. पुढच्या आवृत्तीत लेखिकाबाईंनी ते गाळावं, अशी माझी सूचना आहे."

टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. बाई उठल्या.

"अध्यक्षांनी पुस्तक नीट वाचलं, याचा मला आनंद आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या अठरा प्रकरणांत मी मोजून एकतीस माणसं मारली. त्यातल्या एकाचंही कारण मला कुणी विचारलेलं नाही. एकोणिसाव्यात एक बाई सुखानं जगते, तर तेवढं प्रकरण गाळा म्हणतात. मी ते गाळणार नाही. ज्यांना नको असेल त्यांनी अठराव्यापाशी पुस्तक मिटावं."

पडद्याआड बायकांची बसायची जागा होती. तिथून हसण्याचा आवाज आला आणि मग टाळ्या आल्या. महिपतीबाबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते हसलेही नाहीत आणि टाळ्याही वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीणबाई, ते बुक मला वाचून दावा. ती समद्यांशी भांडली कशापायी, ते तर कळू द्या."

मी तीन दुपारी वाचत होते. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात बसत. भाकरी थापल्याचा आवाज मध्येच थांबायचा, तेव्हा त्या ऐकताहेत हे मला कळायचं. तिसऱ्या दुपारी मी एकोणिसावं प्रकरण संपवलं. बाबांनी हाक मारली, "कस्तुरा, भाईर ये."

बाई पिठाच्या हातानं बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"घोडीला पानी कवा पाजलं?" बाबांनी विचारलं.

"कुठल्या घोडीला, मामंजी?"

"सगुणाच्या. करमाळ्यावरनं निघाली ती थेट परांड्याला. वाटंत सीना लागती. रातभर पळालेली घोडी नदीत उतरली आन् पान्याला तोंड न लावता गेली व्हय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक चाळलं. घोडीनं कुठेही पाणी प्यायलं नव्हतं.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "आणि पाटाचं?"

"त्याचं काय? आपल्या आज्याच्या भनीनं लावला हुता. त्यात इचारायचं काय हाय?" बाबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "येक सांगायचं ऱ्हाईलंय. रावजी गेला त्याच्या फुडच्या साली केम गावचा येक पावना आला हुता. त्याची बायकू बी साथीतच गेलेली. मानूस चांगला हुता. तुला मागनी घालायला आला हुता."

"मला हे ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

"कसं असल? तू गुरामागं गेलती. मी त्याला गूळपानी दिलं आन् वाटंला लावला. तुला इचारलं न्हाय. तू गेली असतीस तर रावजीचं म्हनून घरात काय बी उरलं नसतं. तुझ्या शिक्षनाचं मला मागनं सुचलं. लोक मला लई मोठं म्हनत्यात त्यापायी. आधीचं कुनाला ठावं न्हाय."

मी उठून जाऊ लागले, पण बाईंनी हातानंच मला बसवलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तेव्हा विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, मामंजी," त्या म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. "आन् आज इचारलं तर?"

"आज मला सवड नाही. चौथ्या पुस्तकाची आठ प्रकरणं झालीत."

म्हातारा हसला नाही. त्यानं डोळे पुसले आणि पटका पुन्हा बांधायला घेतला.

संध्याकाळी बाई एकट्याच तळ्याकडे फिरायला गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "मला त्यांचा फार राग आला. तळ्याची एक फेरी होईपर्यंत नुसता रागच होता. दुसऱ्या फेरीला वाटलं, तिकडे गेले असते तर माझ्या पोराबाळांना मी गोष्टी सांगितल्या असत्या. आता गावाला सांगते. दोन्ही चांगलंच. पण विचारायला हवं होतं त्यांनी."

हेच त्यांनी जेवताना बाबांना तोंडावर सांगितलं. "विचारायला हवं होतं," एवढंच. बाबा म्हणाले, "व्हय." मग त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, आणि बाईंनी त्यांना घोड्यांचं विचारायला सुरुवात केली. घोडी किती वेळ पळते, तोंडाला फेस कधी येतो, तापलेल्या घोडीला लगेच पाणी पाजावं की नाही. बाबांनी तरुणपणी एक घोडी पाळली होती. ते बोलत राहिले आणि बाई पाटीवर टिपून घेत राहिल्या. करमाळ्याला कमळाभवानीच्या यात्रेला ते परत गेले, तोवर तीन पाट्या भरल्या होत्या आणि वहीत उतरल्याही होत्या.

पुस्तक हातोहात गेलं. दुसरी आवृत्ती छत्तीस साली निघाली. तिच्यात सीनेचं पात्र, पाणी पिणारी घोडी आणि तिची मान थोपटणारी सगुणा, असं अर्धं पान वाढलं. गाळलं मात्र काहीच नाही. शिवलिंगप्पांनी या खेपेला स्वतःचं नाव ठळक टाइपात घातलं.

चौथं पुस्तक बाईंनी छापायला देण्याआधी करमाळ्याला नेलं आणि सबंध उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांना स्वतः वाचून दाखवलं. बाबांनी तीन लढाया बदलायला सांगितल्या. बाईंनी दोन बदलल्या.